कफनातला कॅमेरा : डेव्हिड क्रोनेनबर्ग यांना खुलं पत्र

प्रिय डेव्हिड क्रोनेनबर्ग,



मेलेल्या बायकोचं शरीर थडग्यात कसं कुजत चाललंय हे एक नवरा मोबाइलवर बघतो, हे तुमच्या ‘द श्राउड्स’ या चित्रपटाचं कथानक मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांनी विषय बदलला. एका काकूंनी ‘शी!’ म्हणून हातातला चहा खाली ठेवला. मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, ‘पण दिसतं काय नेमकं?’ मी हे पत्र लिहितेय ते त्या प्रश्नाच्या बाजूने. तुम्हाला मराठी येत नाही, तेव्हा ते तुमच्यापर्यंत पोचण्याची शक्यता कमीच. पण खुल्या पत्राची हीच सोय असते. नाव एकाचं, वाचणारे दुसरेच.

त्या दुसऱ्यांसाठी थोडी गोष्ट सांगते. टोरांटोतला कार्श हा पन्नाशी उलटलेला, पैसेवाला विधुर. त्याची बायको बेका कर्करोगाने गेली. तिला पुरताना आपणही त्या पेटीत शिरावं, असं त्याला तीव्रतेने वाटलं होतं. ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने ‘ग्रेव्हटेक’ नावाचा धंदा काढला. मृतदेहाला गुंडाळायचं कफन असं, की त्यातच चित्रण करणारी यंत्रणा. थडग्याच्या दगडावर पडदा. फोनवर ॲप. नातेवाइकांनी हवं तेव्हा उघडावं आणि आपलं माणूस आत कसं आहे ते बघावं. स्मशानाला लागून कार्शचंच एक झकपक रेस्टॉरंट आहे. तिथे तो एका बाईला पहिल्याच भेटीला जेवायला बोलावतो आणि जेवण झाल्यावर बायको दाखवायला नेतो. तुमचा विनोद हा असा असतो, चेहरा न हलवता केलेला. पुष्कळ समीक्षकांना तो कळला नाही, असं माझं मत आहे. दातांचा डॉक्टर कार्शला सांगतो की दुःखाने तुमचे दात किडतायत, तेव्हा मी मोठ्याने हसले होते. मग लक्षात आलं की तुमच्या दृष्टीने हे निदान आहे, अगदी वैद्यकीय अर्थाने.

कॅरोलिन, तुमच्या पत्नी, 2017 साली गेल्या. जवळपास चाळीस वर्षांचा संसार. कार्शची भूमिका करणाऱ्या व्हॅन्सां कासेलचे पांढरे केस तुमच्यासारखेच वर उभे केलेत आणि पेटीत शिरण्याची ती इच्छा तुमची स्वतःची होती, हे तुम्ही मुलाखतींतून सांगितलंय. आधी ही मालिका व्हायची होती. नेटफ्लिक्सने सुरुवातीच्या भागांचं लेखन करून घेतलं आणि मग नको म्हटलं. म्हणून तिचा चित्रपट झाला आणि 2024 च्या मे महिन्यात कान महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला गेला. पारितोषिक काही मिळालं नाही. चित्रपट केल्याने दुःख कमी झालं का, या प्रश्नाला तुम्ही सरळ नाही म्हणालात. कलेला औषध मानत नाही म्हणालात. माझा तुमच्यावर विश्वास बसला तो या उत्तरामुळे. आमच्याकडे कुणी गेलं की लगेच ‘काळ हेच औषध’ म्हणणारे घरी येतात, आणि पंधरा दिवसांनी ‘आता सावरायला हवं’ म्हणणारे. त्यांच्या मध्ये बसून तुमचं ते ‘नाही’ ऐकायला बरं वाटलं.

तुमच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं की तुम्ही शरीराचं भय दाखवता. फुटणारी डोकी, पोटात उगवलेली फट, माशी होत जाणारा माणूस. मला हे अर्धवट वाटतं. तुम्ही 1975 साली ‘शिव्हर्स’ केलात, तेव्हा सरकारी चित्रपट महामंडळाचा पैसा असल्या घाणीवर का उधळला, म्हणून कॅनडातल्या एका नामांकित मासिकाने तुम्हाला सोलून काढलं होतं. पण 1979 च्या ‘द ब्रूड’पासून वेगळीच गोष्ट सुरू झाली. स्वतःचा घटस्फोट, मुलीच्या ताब्यावरून ओढाताण, आणि तुम्ही पडद्यावर काय आणलंत? एका डॉक्टरच्या उपचारपद्धतीत रुग्णाचा राग त्याच्या कातडीवर उगवतो. नोला नावाच्या बाईच्या संतापातून तिच्या अंगाबाहेर पोरं जन्मतात आणि ती पोरं जाऊन तिच्या शत्रूंना मारतात. त्याच वर्षी ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ आला. घटस्फोटाचाच विषय, सगळे रडले, ऑस्करं मिळाली. आपला चित्रपट हा त्याच विषयावरचा, पण जास्त खरा, असं तुम्ही थट्टेत म्हणत आलात. मला ती थट्टा वाटत नाही. वकिलाच्या कचेरीतून आलेल्या बाईच्या मानेवर उठलेली पुरळ मी पाहिली आहे.

आणि तुमचे वडील. पुस्तकांत रमलेले, लेखक-पत्रकार. शेवटच्या आजारात त्यांच्या हाडांतलं बळ गेलं. अंथरुणात कूस बदलली तरी हाड मोडायचं, मेंदू मात्र लख्ख. ही हकीकत तुम्ही अनेक वर्षांपूर्वी एका पुस्तकरूप मुलाखतीत सांगितली होती. ‘द श्राउड्स’मध्ये कार्शच्या स्वप्नात, की आठवणीत, बेका परत परत येते. नग्न, आणि दर खेपेला थोडी कमी. आधी एक स्तन नाही, मग हात नाही. टाके दिसतात. नवरा तिला जवळ घेतो आणि तिच्या कमरेचं हाड मोडल्याचा आवाज येतो. मी भयपट पुष्कळ पाहिलेत. त्या आवाजाइतकं मला काही लागलेलं नाही. कारण तिथे कुणी राक्षस नाही, अंधार नाही, संगीताचा धक्का नाही. प्रेम आहे, आणि प्रेमानेच हाड मोडलंय.

आता आमच्याबद्दल. आमच्याकडे बहुतेक घरांत देह काही तासांत घराबाहेर काढतात. मुलगा किंवा मुलगी परदेशातून यायची असेल तरच बर्फ. तिरडी, मडकं, अग्नी. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडायच्या, दहाव्याला पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघायची. या सगळ्यात एक शहाणपण आहे, हे मी नाकारत नाही. वाट बघायला कावळा दिला की माणसं निदान एका दिशेला तोंड करून उभी तरी राहतात. पण त्याच दहा दिवसांत देहाबद्दल बोलायचं बंद होतं. गीतेतलं जुन्या वस्त्राचं उदाहरण हमखास निघतं. देह म्हणजे कपडा, टाकून दिला, आत्मा पुढे गेला. तुमच्या चित्रपटात नेमकं उलटं आहे. तिथे कपडा तेवढा कपडा आहे, आणि त्याच्या आत जे आहे तीच बेका. दुसरीकडे कुठे गेलेली बेका नाहीच. तुम्ही जाहीर नास्तिक. कार्शही नास्तिक. बेका ज्यू होती म्हणून तिचं दहन न करता दफन केलं आणि देहाला सोडून जायला आत्मा कसा नाखूश असतो ही ज्यू समजूत कार्श त्या पहिल्या भेटीत सांगतोही. पण नाखूश आहे तो हाच, जिवंत राहिलेला.

बायको गेलेल्या माणसाला बायकोचं शरीर हवं असतं. हे वाक्य आमच्याकडे उच्चारता येत नाही. आठवण येते म्हणता येतं, पोकळी म्हणता येतं, घर खायला उठतं म्हणता येतं. तिच्या मानेचा वास, झोपेत अंगावर पडणारा पाय, पाठीवरचा तीळ हे सगळं आता जमिनीत आहे आणि मला तेच पाहिजे, हे कुणी बोललं तर लोक डॉक्टरकडे न्या म्हणतील. शोकसभेत तर नाहीच. कौटुंबिक नाटकातही नाही. ते बोलायला भयपट लागतो, कारण भयपटात लाजेची बात आधीच निकालात निघालेली असते. हा प्रकार तुम्ही का सोडत नाही, याचं मला पटलेलं उत्तर हे आहे.

मराठीतही भय कमी नाही. नारायण धारपांच्या कथांत अमंगळ बाहेरून येतं, वाड्यात, तळघरात दबा धरून बसतं. त्याला तोंड देणारा कुणी जाणकारही असतो. रत्नाकर मतकरींनी तेच अमंगळ माणसाच्या मनात नेऊन ठेवलं आणि मग जाणकाराचा काही उपयोग राहिला नाही. दोघांचीही मी पारायणं केली आहेत. पण आमच्या गोष्टींत मेलेला परत येतो तो काहीतरी राहिलं म्हणून. सूड, वासना, गाडलेलं सोनं, न दिलेला न्याय. ते पुरं केलं की सुटतो. तुमची बेका काहीच मागत नाही. ती परत येत नाही, हेच भय. परत येतं ते नवऱ्याचं डोकं, त्याच त्या खोलीत.

हे बघण्याची इच्छा विकृत आहे असं म्हणणाऱ्यांना मी मुंबईतली एक गोष्ट सांगते. मलबार हिलवर डुंगरवाडीत पारशी समाज आपली प्रेतं दोखम्यात, म्हणजे वरून उघड्या मनोऱ्यात, ठेवतो. शतकानुशतकं गिधाडं काही वेळात देह संपवायची. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे भारतातली गिधाडं जवळपास नाहीशी झाली, आणि देह तसेच राहू लागले. 2006 साली एका पारशी बाईंनी दोखम्याच्या आतली छायाचित्रं समाजापुढे ठेवली. त्यांची आई तिथे ठेवलेली होती. आपल्या आईचं पुढे काय झालं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. केवढा गहजब झाला! धर्माचा अपमान, मृतांची विटंबना, सगळं झालं. त्या बाई काही भयपट बनवत नव्हत्या. त्यांचा प्रश्न आमच्या काकूंचाच होता, आणि तुमचाही. फरक एवढाच की त्यांना जे दिसलं त्याने समाजात सौर पॅनलपासून दफनापर्यंत सगळ्या पर्यायांवर वाद पेटला. आपलं माणूस कुठे आहे आणि कसं आहे, हे बघण्याची ओढ तिथे खाजगी राहिली नाही.

तुमच्या कथानकातल्या कटाबद्दल बरीच तक्रार झाली. मध्येच कुणीतरी स्मशानाची नासधूस करतं. कफनांच्या यंत्रणेत घुसखोरी होते. बेकाच्या हाडांवर कसल्या गाठी दिसू लागतात. चिनी हेर, रशियन हेर, पर्यावरणवाले, मेहुणीचा माजी नवरा, सगळ्यांवर संशय. शेवटी काहीच सिद्ध होत नाही. लोकांना वाटलं, म्हातारा भरकटला. मला ते भरकटणं ओळखीचं वाटलं. आमच्याकडे कुणी गेलं की तेराव्यापर्यंत चौकशी समिती बसते. त्या डॉक्टरने केमो उशिरा दिली, दुसरं मत घ्यायला हवं होतं, फाइल बघितली का, बिलात ही औषधं कशी लागली, शेजारच्या टॉवरवर मोबाइलचे डबे आहेत ना? कट असला तर निदान कुणीतरी ठरवून केलं असतं. पेशी उगाच वाढत सुटतात, त्यात कुणाचा हात नसतो, हे त्याहून असह्य आहे. कार्शचा सगळ्यात खरा संशय तर डॉक्टर एक्लरवर आहे. तो बेकाचा एकेकाळचा प्रियकर आणि नंतर तिच्यावर उपचार करणारा. मेलेल्या बायकोबद्दलचा मत्सर! तिच्या शरीराचे तुकडे ज्याने काढले त्याला ते शरीर माझ्याआधी माहीत होतं. हे लिहायला ऐंशी वर्षांचं वय आणि बराच निर्लज्जपणा लागतो. दोन्ही तुमच्यापाशी आहेत म्हणून बरं.

इथपर्यंत कौतुक. आता माझी तक्रार.

बेकाला अंघोळ कोण घालत होतं?

माझी आई बरेच महिने अंथरुणाला खिळून होती. त्या काळात मला शरीराबद्दल जे कळलं ते बघून कळलं नाही, हातांनी कळलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीला जखम होऊ नये म्हणून हवेची गादी, तिचा तो सतत घुरघुरणारा पंप. लघवीची पिशवी किती भरली, तिचा रंग काय. नर्सिंग ब्युरोतून आलेल्या मावशी सांगायच्या, ताई, मांडीखाली हात असा घाला, नाहीतर तुमचीच कंबर जाईल. किळस येते. पहिले काही दिवस येते, मग जाते, मग एखाद्या रात्री अचानक परत येते आणि तिच्यामागोमाग शरम येते. तुमच्या कार्शच्या वाट्याला यातलं काहीच नाही. त्याच्या घरात जपानी शिस्तीची शांतता आहे, गाडी स्वतः चालते, कपडे सां लोराँचे. ते बनवणारी संस्थाच निर्मात्यांत आहे म्हणा. त्याने बेकाला बघितलं खूप. तिचं केलं काय? पडद्यावर बायको कुजताना बघणाऱ्या माणसाने जिवंतपणी तिची चादर बदलली होती की नाही, हे मला चित्रपटभर कळत नाही. आणि मग तो कफनातला कॅमेरा मला वेगळा दिसू लागतो. हात न लावता जवळ राहण्याची ती एक श्रीमंत सोय वाटते.

तुम्हाला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. 1986 च्या ‘द फ्लाय’मध्ये माशी होत जाणाऱ्या सेथ ब्रंडलचं अंग गळत जातं. नखं निघतात, दात पडतात, तो ते औषधांच्या कपाटात जपून ठेवतो. त्याची प्रेयसी वेरोनिका भेटायला आलेली असताना त्याचा कान गळून पडतो, आणि ती त्याला मिठी मारते. तो सांडलेला, ओला, चिकट माणूस, आणि ती मिठी मारते. वेरोनिका झालेल्या जीना डेव्हिसच्या चेहऱ्यावर त्या क्षणी किळस आणि माया एकाच वेळी आहे, एकीने दुसरीला हटवलेलं नाही. त्या वेळी लोकांनी तो चित्रपट एड्सचं रूपक म्हणून वाचला. तुम्ही म्हणालात की आजार, म्हातारपण, कुणालाही हे होतंच. शेवटी बंदुकीची नळी तो स्वतःच्या डोक्याला लावून घेतो आणि चाप ओढणं तिच्यावर येतं. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या माणसावर शेवटी काय येऊन पडतं, हे त्याहून नेमकं मी कुठल्याही सभ्य चित्रपटात पाहिलेलं नाही.

तुमच्यानंतरच्या काही दिग्दर्शिका हा धागा पुढे नेतायत. ऑस्ट्रेलियाच्या जेनिफर केंटने ‘द बाबाडूक’मध्ये 2014 साली नवऱ्यामागे उरलेल्या बाईचं दुःख तळघरात कोंडलं, आणि शेवटी ती त्याला मारत नाही, खायला घालते. नॅटली एरिका जेम्सने ‘रेलिक’मध्ये, 2020 साली, स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला घराबरोबर काळं पडत जाताना दाखवलं. शेवटी लेक आईची सोलून निघणारी कातडी हाताने हळूहळू उतरवते आणि आतल्या त्या काळ्या, न ओळखू येणाऱ्या देहाशेजारी आडवी होते. तिची स्वतःची मुलगी पलीकडे पडून बघत असते, आणि तिला आईच्या पाठीवर तसाच एक काळा डाग दिसतो. तीन पिढ्या एका गादीवर. मी तो प्रसंग बघताना मावशींना आठवत होते, ‘मांडीखाली हात असा घाला’ म्हणणाऱ्या. तुमच्या कार्शला त्या गादीवर जागा आहे का?

दुसरी गोष्ट बेकाची स्वतःची. डायान क्रूगरने एकाच चित्रपटात बेका, तिची बहीण टेरी आणि हनी नावाची कृत्रिम मदतनीस अशा तीन भूमिका केल्यात. हनी तर फोनच्या पडद्यावर गोड बोलणारं बाहुलं. तिघींत एकच चेहरा आहे, कारण बघणारा एकच आहे. पण ज्या बाईचा हात कापला गेला तिला स्वतःच्या हाताबद्दल काय वाटलं? स्तन काढल्यावर आरशासमोर ती उभी राहिली का, की आरसाच झाकून ठेवला? तिला नवऱ्याने जवळ घ्यावं असं वाटत होतं, की हाड मोडेल या भीतीने ती आधीच अंग चोरत होती? स्वप्नात ती येते, बोलते, हसतेही, पण स्वप्न कार्शचं आहे. शरीर हेच सत्य असं तुम्ही आयुष्यभर सांगत आलात. मग ज्याचं शरीर त्याच्या बाजूने सत्य सांगा की.

2021 साली तुम्ही आणि तुमच्या लेकीने, केटलिनने, एक मिनिटाचाही नसलेला एक छोटा चित्रपट केलात. पोटमाळ्यासारख्या खोलीत तुम्ही अंगरख्यात उभे. पलंगावर तुमचंच प्रेत. तुम्ही जवळ जाता, त्याचा मुका घेता, शेजारी आडवे होऊन त्याला कवेत घेता. संपलं. ‘द श्राउड्स’च्या आख्ख्या लांबीत जे मला मिळालं नाही ते तिथे आहे. तिथे पडदा मध्ये नाही, कफन नाही, ॲप नाही. बघणारा आणि निजलेला एकच, आणि हात थेट अंगावर.

म्हणून एक मागणं. तुम्ही 1943 चे. आपलं वय झालं असं तुम्हीच मुलाखतींत म्हणता आणि लगेच पुढच्या पटकथेबद्दल बोलू लागता. नेटफ्लिक्सने नाकारलेल्या त्या मालिकेतले पुढचे भाग तुमच्या डोक्यात कुठेतरी असतील. त्यातला एक बेकाचा करा. हॉस्पिटलातून रात्री घरी परतलेल्या बेकाचा. कार्श तिथे असू दे, पण त्याच्या हातात फोन नको, ओला नॅपकिन असू दे, आणि तो त्याने नीट पिळलेला नसला तरी चालेल. भय कमी पडेल अशी काळजी करू नका. आमच्या मावशींना विचारा, त्या सांगतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मराठी प्रेक्षक